एका सेकंदाची सवत

आमच्या ऑफिसातून शनिवारी नवं काही बाहेर पडत नसे. गिऱ्हाइकाने फोनवर कितीही घाई केली तरी शेठ ठरलेलं वाक्य ऐकवायचे, "शनिवारे काका नवुं नथी आपता." समोरचा लगेच गप्प. शनीचं काहीतरी असणार असा सगळ्यांचा समज, आणि शनीशी वाद कोण घालणार? एकाने तर काकांसाठी तेलाची बाटली पाठवली होती, मारुतीला वाहायला. काकूंनी त्यात भजी तळली. खरं कारण अगदी साधं होतं. शनिवारी दिलं आणि रविवारी बिघडलं, तर गिऱ्हाइकाने बोंब मारायची कुणाच्या नावाने? काका म्हणायचे, "देणारा दुसऱ्या दिवशी जागेवर सापडला पाहिजे." पण गिऱ्हाइकांचा गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही. फुकट मिळालेला दरारा आहे, राहू दे, म्हणाले.

काका माझे कुणी लागत नव्हते. बडोद्यात, गोरव्याच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या आमच्या छोट्याशा कंपनीत सगळेच त्यांना काका म्हणायचे. शेठ गुजराती, वयाने काकांच्या बरोबरीचे, तरी तेही काकाच म्हणायचे. काका रावपुऱ्यातले. आजोबा संस्थानाच्या नोकरीत होते, आणि त्या नोकरीची ऐट नातवाच्या इस्त्रीच्या शर्टात तेवढी उरली होती.

आमचं काम मशिनांच्या कंट्रोलच्या पेट्या करायचं. कुणाचं खाखरा भाजायचं मशीन, कुणाचं पुड्या भरायचं, कुणाचं सूत रंगवायचं. मशीनने काय करायचं ते लिहायला शेठ आणि काकांनी ऐन उमेदीत मिळून एक चिमुकली भाषाच तयार केली होती. तापव, दाब, थोभ, सोड, असली. थोभ म्हणजे गुजरातीत थांब. काकांना 'थांब'च हवं होतं आणि त्यावरून दोघांचं कित्येक दिवस बोलणं बंद होतं म्हणे. शेवटी कंपनी शेठची, म्हणून थोभ राहिलं.

या भाषेत लिहिलेला प्रोग्राम कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला समजेल अशा रूपात उतरवायचा, आणि पेटीत घालायचा. पण थोभ म्हटल्यावर नेमकं थांबायचं कसं, तापव म्हटल्यावर तव्याची आच कशी बघायची, हे दर प्रोग्रामात पुन्हा पुन्हा कोण लिहिणार? ती सगळी रोजची कामं एका लायब्ररीत ठेवलेली. पेटीत लायब्ररी एकच. प्रोग्राम कितीही असोत, अडलं की सगळे तिच्याकडेच जाणार. ही लायब्ररी काकांची. त्यांनी बांधली, त्यांनी सांभाळली, आणि तिला कुणी न विचारता हात लावला तर अंगावर यायलाही तेच.

"सोसायटीच्या टाकीसारखं आहे हे," ते नव्या माणसाला सांगायचे. "घरोघरी वेगळी टाकी नाही. वर एकच. त्यात काही टाकायचं असेल तर आधी विचार करायचा, खाली कोण कोण पाणी पितंय."

मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "स्वयंपाक येतो का?"

माझं डोकंच फिरलं. मी मांजलपूरहून दोन रिक्षा बदलून, फाइल छातीशी धरून गेलेली, आणि हा गृहस्थ स्वयंपाक विचारतोय. मी म्हटलं, "येतो. पण पुरुष आला असता तर हेच विचारलं असतंत का?"

"विचारतो की. कुणालाच येत नाही," काका शांतपणे म्हणाले. "बरं, मिसळणाचा डबा असतो ना घरात? आई फोडणी करताना त्यात बघून हात घालते का?"

"नाही. सवयीने जातो हात."

"मग तू त्यात नवीन वाटी ठेवायची असेल तर कुठे ठेवशील?"

"असलेल्या वाट्या हलवणार नाही. शेवटी कुठे जागा असेल तिथे."

"कधीपासून येतेस?" काका म्हणाले.

पुढे कळलं, की हीच त्यांच्या लायब्ररीची पहिली अट. जुने प्रोग्राम बघून हात घालत नाहीत. मोहरी दुसऱ्या वाटीत म्हणजे दुसऱ्याच वाटीत. तुम्ही सुबक दिसावं म्हणून वाट्यांचा क्रम बदललात, की मोहरीच्या जागी हळद पडलीच म्हणून समजा. आणि त्या जुन्या प्रोग्रामांना समजावणार कोण? त्यांचं मूळ लिखाण बहुतेक वेळा कुणाकडेच शिल्लक नसे. काकांचं म्हणणं, "तळलेल्या वड्यातून पीठ परत निघत नाही. तेव्हा वडा आहे तसा चालवायचा."

त्यांच्या टेबलामागच्या फळीवर जुन्या पेट्या मांडलेल्या असत, प्रत्येक पिढीतली एक. त्यांना ते 'वडीलधारे' म्हणायचे. लायब्ररीची नवी आवृत्ती तयार झाली की आधी ती या फळीवर चढायची आणि तिथले जुने प्रोग्राम तिच्यावर चालवून बघायचे. सगळ्या पेट्यांचे हिरवे दिवे लागले तरच ती बाहेर जाणार. एखादी पेटी अडून बसली, तर आमचे पोरगे वैतागायचे, अरे, ही पेटी आता वापरतो कोण! काका ढिम्म. "घरात म्हातारी आहे ना? मग जेवणात मिरची बेताचीच." दसऱ्याला शेठ नव्या लेथवर झेंडूचा हार घालायचे आणि काका या फळीवर. प्रत्येक पेटीला हळदकुंकू, एकीलाही वगळायचे नाहीत.

माणूस बाकी फार काटेकोर. आता मी कौतुकाने काटेकोर म्हणते, तेव्हा आम्ही दुसरे शब्द वापरायचो. ऑफिसातलं घड्याळ दर सोमवारी मिळवायचे. सिग्नलला उभे राहिले की लाल आकड्यांबरोबर स्वतः तोंडाने मोजायचे आणि आकडा मागेपुढे वाटला की महानगरपालिकेला नावं ठेवायचे. सेवउसळवाला "पाच मिनिट, काका" म्हणाला की मनगट वर. बिचारा त्यांना बघितल्यावर आधी त्यांचीच ताटली भरायचा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं गच्चीवर "काप्यो छे!" ओरडत असायचं तेव्हा काका कधी पतंग उडवायचे नाहीत. कुणाची तरी फिरकी धरून उभे, मांजा किती सोडायचा, कधी गुंडाळायचा, एवढंच बघत. त्यांनी फिरकी धरावी म्हणून पोरांची भांडणं व्हायची, कारण त्यांच्या हातात मांजा कधी अडकला नाही.

असा हा माणूस, आणि त्याच्या लायब्ररीत एक चूक होती.

चूक त्यांचीच. अगदी पहिल्या आवृत्तीतली. थोभ दहा म्हटलं की मशीन नऊच सेकंद थांबायचं. काकांनी मोजणी शून्यापासून सुरू केली आणि संपवायची तिथे न संपवता एक घर आधी संपवली. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होते, आणि लगेच सापडते. ही सापडली नाही, कारण भट्टीपुढे उभा असलेला माणूस आकड्याकडे बघत नाही, मालाकडे बघतो. कच्चं वाटलं की त्याने दहाचे अकरा केले आणि पुढच्या कामाला लागला. काकांच्या लक्षात आलं तेव्हा त्या पेट्या बडोद्यापासून सुरतेपर्यंत पसरल्या होत्या आणि सगळीकडे लोकांनी आपापले आकडे बसवून घेतले होते. आता चूक सुधारावी, तर एका रात्रीत सगळ्यांचा माल करपणार.

"आपल्या घरची चूक असती तर कान धरून बाहेर काढली असती," काका मला म्हणाले होते. "ही टाकीत पडली. आता ती गावाची झाली."

मग त्यांनी दुसरं, बरोबर मोजणारं थोभ तयार केलं आणि नवे प्रोग्राम त्यावर लिहायला सुरुवात केली. शेठनी त्याचं नाव ठेवलं 'साचुं थोभ', खरं थोभ. काका भडकले, "म्हणजे माझं पहिलं खोटं?" शेठ म्हणाले, "काका, खोटुं तो छे ज ने!" जुनं थोभ तसंच राहिलं, आपल्या चुकीसकट, आणि काका त्याच्या मरणाची वाट बघत बसले. ज्या दिवशी जुनं थोभ वापरणारं शेवटचं मशीन भंगारात जाईल, त्या दिवशी ते काढून टाकायचं, लायब्ररी निर्मळ करायची, आणि मगच घरी बसायचं. हा त्यांचा पण.

या पणाचा खरा त्रास काकूंना. निवृत्त झाल्यावर नर्मदाकाठी गरुडेश्वरला महिनाभर राहायला नेईन, असं काकांनी त्यांना कबूल केलं होतं. निवृत्तीचं वय आलं आणि गेलं. शेठनी काकांना ठेवून घेतलं, काका राहिले. दरवर्षी काकू दत्तजयंतीला विचारायच्या, दरवर्षी काका म्हणायचे, अजून थोडी मशिनं आहेत. मी एकदा त्यांच्या घरी श्रीखंड खायला गेले होते तर काकू वाढता वाढता म्हणाल्या, "एकेकीला माणसाची सवत असते. मला एका सेकंदाची आहे. आणि बघ की, तिच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून जातात!" काका हसले नाहीत. वाटीत चमचा फिरवत बसले. मला त्या वेळी काकूंचीच बाजू खरी वाटली, आणि काकांचा रागही आला. एवढा कसला मेला स्वाभिमान!

मशिनं एकेक करून जात होती. कुणी धंदा बंद केला, कुणी नवं मशीन घेतलं. फोन आला की काका येताना लीलो चेवडो घेऊन यायचे आणि टेबलावर पुडा उघडायचे. "भरूचचं गेलं," एवढंच म्हणायचे. माणूस गेल्यासारखं म्हणायचे आणि चेवडा वाटायचे. नवी मुलं बुचकळ्यात पडायची, की यात खायचं की दुःख करायचं? मी सांगायची, आधी खा.

असं करता करता एकच उरलं. तरसालीला एका बाईंचं खाखऱ्याचं युनिट होतं. बाईंना सगळे बा म्हणायचे. घराच्या मागच्या शेडमध्ये मशीन, पाच-सहा बायका कामाला, सून हिशेबाला. मशीन जुनं, पण बांनी ते लेकरासारखं ठेवलेलं. ते भंगारात जाण्याची वाट बघितली असती तर काकाच आधी गेले असते. म्हणून काकांनी ठरवलं, मशीन राहू दे, प्रोग्राम बदलू. जुन्याचं मूळ लिखाण अर्थातच नव्हतं. मी तिथे जाऊन, मशीन काय काय करतं ते बघून, तसाच नवा प्रोग्राम साचुं थोभ वापरून लिहिला. काकांनी तो वडीलधाऱ्यांकडून पास करून घेतला. जुनं थोभ काढलेली लायब्ररीही तयार झाली. इतकी वर्षं ज्यासाठी थांबले ते सगळं त्यांच्या बॅगेत होतं.

सोमवारी सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही तरसालीला निघालो. काकूंनी देवापुढे पेढे ठेवले होते, त्यातले दोन मला आधीच दिले. गरुडेश्वरच्या खोलीसाठी फोनही करून ठेवला होता. काका मागे बसून सिग्नल मोजत होते, आणि आवाज असा, की शाळेतलं पोर सहलीला निघालंय.

"आवो आवो, काका!" बांनी चहा टाकला. आम्ही पेटीत नवी लायब्ररी घातली, नवा प्रोग्राम घातला. बांनी नेहमीसारखं बटणांवर दहा दाबलं आणि पहिला खाखरा टाकला. मशीनने दाबलं, थोभलं, सोडलं. बांनी खाखरा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला.

"लाल थयो," त्या म्हणाल्या.

करपला नव्हता. पण नेहमीपेक्षा तांबूस होता, हे मलाही दिसत होतं. आता मशीन खरोखरचे दहा सेकंद थांबत होतं ना! मी म्हटलं, "बा, आता मशीन बरोबर मोजतंय. तुम्ही दहाच्या जागी नऊ दाबायचं. झालं."

बांनी माझ्याकडे बघितलं. मग काकांना विचारलं, आधी काय चुकीचं मोजत होतं का? काकांनी सांगितलं. काही लपवलं नाही. चूक माझी होती, पहिल्यापासून होती, आज काढली, म्हणाले.

बा रागावल्या नाहीत. त्यांनी शेडमधल्या बायकांकडे हात केला आणि बोटांवर आकडे सांगितले. जिऱ्याचे दहा, मेथीचे बारा, पावसाळ्यात पीठ सादळतं म्हणून सगळ्याला एक जास्त. हे यांना झोपेत विचारलं तरी येतं. सून लग्न होऊन आली तेव्हा चहा करायच्या आधी हे शिकली. मग काकांकडे वळून अगदी सरळपणे म्हणाल्या, "भूल तमारी, ने नंबर मारे बदलवानो?"

चूक तुमची, आणि आकडे मी बदलायचे?

मला काकांची कीव आली. मी पटकन मराठीत म्हटलं, "काका, सोपं आहे. मी यांच्या प्रोग्रामातच एक वजा करते. त्या दहा दाबतील, आपण साचुं थोभला नऊ सांगू. बांना काही बदलायला नको, आपली लायब्ररी स्वच्छ. पाच मिनिटांचं काम आहे."

खरंच पाच मिनिटांचं काम होतं. मी लॅपटॉप उघडलाही.

"नको," काका म्हणाले.

"का नको?"

"उद्या मी नसेन, तू नसशील. कुणीतरी बांचा प्रोग्राम उघडेल, त्याला दिसेल की इथे उगाच एक वजा केलाय. तो म्हणेल, ही या बाईंचीच चूक. आणि दुरुस्त करून टाकेल." मग म्हणाले, "माझी चूक मी या बाईच्या घरात ठेवून मोकळा व्हायचं, असं ना? ती माझ्या लायब्ररीत जन्मली. माझ्याच लायब्ररीत राहील."

"अहो, पण काकू? गरुडेश्वर? इतकी वर्षं..."

"जुनं परत घाल," ते म्हणाले.

मी घातलं. हात रागारागाने चालत होते माझे. बांनी पुन्हा दहा दाबलं, खाखरा काढला, उलटा केला आणि मान डोलावली. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. "सरस छे," म्हणाले. बांनी निघताना मेथीचे दोन पुडे दिले, एक काकांना, एक मला. येताना मकरपुऱ्याच्या सिग्नलला बराच वेळ थांबावं लागलं. मागून मोजण्याचा आवाज आला नाही. मी आरशात बघितलं, तर ते पुडा मांडीवर धरून रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता जन्मभर गोरव्यातच बसणार.

ऑफिसात आल्यावर ते सरळ शेठच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"मी या महिनाअखेर जातो."

"अने पेलुं थोभ?" शेठनी विचारलं.

"ते राहील. हिला सांगितलंय."

मला काहीही सांगितलेलं नव्हतं. पण शेठनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. मग काकांनी तिथूनच घरी फोन लावला. काकूंनी पलीकडून सवतीचं विचारलंच असणार, कारण काका म्हणाले, "नाही गेली. ती इथेच राहणार." आणि मग, "मी येतो घरी."

काका निवृत्त झाल्यावर पुढच्या दसऱ्याला फळीवर हळदकुंकू मी वाहिलं. आता लायब्ररी मी बघते. शनिवारी नवं काही देत नाही. मध्ये एक हुशार मुलगा आमच्याकडे आला, त्याला जुनं थोभ दिसलं आणि तो धावत मला सांगायला आला, मॅडम, इथे मोजणी चुकलीय, करू का नीट? मी त्याला आधी तरसालीला पाठवला, खाखरे आणायला. आल्यावर म्हटलं, आता विचार. त्याने नाही विचारलं.

नवी आवृत्ती निघाली की काकांचा फोन यायचाच. सगळे दिवे लागले का, आमची बरी आहे ना, एवढं विचारून ठेवून द्यायचे. अलीकडे त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. परवा फोन आला तो काकूंचा, गरुडेश्वरहून. आता दरवर्षी जातात ती दोघं. मागे घाटावरच्या घंटेचा आवाज येत होता.

"अगं, हे विचारतायत," काकू म्हणाल्या, "माझी सवत कशी आहे?"

"मजेत आहे काकू."

त्यांनी ते मोठ्याने काकांच्या कानात सांगितलं. काका पलीकडे काहीतरी पुटपुटले. मग काकू म्हणाल्या, "आमच्या माघारी बघशील ना गं तिच्याकडे?"

विचारत काका होते की काकू, मला कळलं नाही.

"बघेन," मी म्हटलं. "तुम्ही दोघं जेवून घ्या आता."